एंडोस्कोपीचं कोडिंग: चार्ट उघडल्यापासून क्लेम पाठवेपर्यंत

अमेरिकेतल्या विम्याच्या क्लेमवर काम करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीवरून बिलाचे कोड लावणाऱ्या कोडरच्या ऑडिटमध्ये पचनसंस्थेची एंडोस्कोपी हमखास गुण खाते. कोड पाठ नाहीत म्हणून असं क्वचितच होतं, कारण कोड पुस्तकात सापडतोच. घोळ होतो नोट वाचण्याच्या क्रमात. आधी शीर्षक वाचलं जातं, मग थेट शेवटचं इम्प्रेशन (डॉक्टरांचा निष्कर्ष). तिथे ‘पॉलिपेक्टॉमी’ (पॉलिप म्हणजे आतड्याच्या आवरणावरची गाठ काढणं) दिसली की ४५३८५ (स्नेअरने काढण्याचा कोड) टाकून पुढचा चार्ट उघडला जातो. पॉलिप स्नेअरने (तारेच्या फासाने) काढला की फोर्सेप्सने (चिमट्याने), हे मधल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं आणि कोड त्यावरच ठरतो.

पुढचा क्रम मुख्यतः कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची एंडोस्कोपी) आणि वरच्या पचनमार्गाच्या एंडोस्कोपीसाठी, म्हणजे ईजीडीसाठी आहे. ईआरसीपी आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडचे नियम वेगळे आहेत, ते इथे मिसळत नाही.

## तयारी: चार्ट उघडण्याआधी

पाच गोष्टी समोर हव्यात: डॉक्टरांची सही असलेली प्रोसिजर नोट, पॅथॉलॉजी रिपोर्ट, रुग्णाला एंडोस्कोपीसाठी का पाठवलं हे सांगणारी ऑर्डर किंवा आधीच्या भेटीची नोंद, नर्सची सिडेशनची (गुंगीच्या औषधाची) वेळनोंद आणि विमा कोणाचा आहे याची माहिती. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. तीच प्रोसिजर मेडिकेअरला (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) एका मॉडिफायरने (कोडला जोडायची दोन अक्षरी किंवा अंकी खूण) जाते आणि खासगी कंपनीला दुसऱ्या.

कोडची आवृत्ती सेवेच्या तारखेप्रमाणे निवडायची. सीपीटी (केलेल्या कामाचे कोड) १ जानेवारीला बदलतं, आयसीडी-१०-सीएमचा (निदानाच्या कोडांचा) मोठा बदल १ ऑक्टोबरला येतो आणि एनसीसीआयचे एडिट (कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत याचे नियम) दर तिमाहीला बदलतात. उदाहरणार्थ, पूर्वी आतड्यात पॉलिप होते हे सांगणारा झेड८६.०१० हा कोड १ ऑक्टोबर २०२४पासून फुटला. आता अॅडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारा पॉलिप) किंवा सेरेटेड पॉलिपसाठी झेड८६.०१०१, हायपरप्लास्टिकसाठी झेड८६.०१०२ आणि प्रकार माहीत नसेल तर झेड८६.०१०० लागतो. जुना कोड टेम्प्लेटमध्ये राहिला असेल तर क्लेम पहिल्याच दारातून परत येतो.

सावधान: ऊतक पाठवलं असेल तर पॅथॉलॉजी रिपोर्ट येईपर्यंत निदान कोड करू नका. बाह्यरुग्ण सेवेत कोडिंगच्या वेळी पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट हाती असेल तर त्यातलं पक्कं निदान वापरता येतं. ‘संभाव्य’, ‘शंका’, ‘रूल आउट’ (आजार नाही ना, हे तपासणं) अशा शब्दांवर बाह्यरुग्णाचं निदान कोड करता येत नाही. तिथे लक्षणच कोड करायचं.

## पायरी १: प्रोसिजर का केली?

स्कोप (कॅमेऱ्याची नळी) आत जाण्याआधीचं कारण बघा. आत काय सापडलं यावरून कारण बदलत नाही.

लक्षणं नसलेला रुग्ण केवळ तपासणीसाठी आला तर ते स्क्रीनिंग. पूर्वी पॉलिप निघाले होते म्हणून ठरावीक काळाने आला तर ते सर्व्हेलन्स. गुदद्वारातून रक्त जातंय, जुलाब आहेत, लोह कमी झालंय म्हणून आला तर ते डायग्नोस्टिक. नोटच्या डोक्यावर ‘स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी’ छापलेलं असतं आणि इंडिकेशनमध्ये (तपासणीच्या कारणात) ‘तीन आठवडे रक्तस्राव’ लिहिलेलं असतं, असे चार्ट पुष्कळ येतात. अशा वेळी इंडिकेशनचं ऐका. शीर्षक बहुतेक वेळा टेम्प्लेटमधून आलेलं असतं.

मेडिकेअरला स्क्रीनिंगमध्ये काहीच काढलं नाही तर साधारण जोखमीसाठी जी०१२१ आणि जास्त जोखमीसाठी जी०१०५. पहिला १२० महिन्यांत एकदा, दुसरा २४ महिन्यांत एकदा. आई-वडील, भावंड किंवा अपत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा अॅडिनोमा, स्वतःला पूर्वी यापैकी काही किंवा आतड्याचा दाहक आजार असेल तर रुग्ण जास्त जोखमीच्या गटात जातो.

स्क्रीनिंग सुरू असताना बायोप्सी घेतली किंवा पॉलिप काढला तर जी-कोड सोडून सीपीटी कोड लावायचा आणि मेडिकेअरसाठी पीटी, खासगी विम्यासाठी ३३ मॉडिफायर जोडायचा. हा मॉडिफायर गळला की स्क्रीनिंगचं बिल आजाराचं बिल होतं आणि रुग्णाच्या खिशाला कात्री लागते. मेडिकेअरमध्ये पीटी असेल तर डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने भरायची रक्कम) माफ असतं आणि २०२३ ते २०२६ या काळात रुग्णाचा वाटा १५ टक्के असतो.

विष्ठेची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून केलेली कोलोनोस्कोपी मेडिकेअर २०२३पासून स्क्रीनिंगचाच पुढचा भाग मानतं. तिथे केएक्स मॉडिफायर लागतो.

तपासा: इंडिकेशन, ऑर्डर आणि तुम्ही निवडलेला पहिला निदान कोड, तिन्ही एकच कारण सांगतात का?

## पायरी २: स्कोप कुठवर पोहोचला?

कोडचं कुटुंब यावर ठरतं. या पायरीवर चुकलात तर पुढचं सगळं चुकतं.

खालच्या बाजूने: स्कोप स्प्लेनिक फ्लेक्शरपर्यंतच (प्लीहेजवळच्या मोठ्या आतड्याच्या वळणापर्यंतच) राहिला, त्यापलीकडे गेला नाही तर ती सिग्मॉइडोस्कोपी, मूळ कोड ४५३३०. सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत), किंवा आतडं आधी कापलेलं असेल तर लहान आतड्याच्या जोडापर्यंत पोहोचला तर कोलोनोस्कोपी, मूळ कोड ४५३७८. म्हणजे उजवं आतडं काढलेल्या रुग्णात सीकम नाही म्हणून ‘अपूर्ण’चा मॉडिफायर लावायचा नसतो. टर्मिनल इलियम (लहान आतड्याचं शेवटचं टोक) पाहिलं तरी ते कोलोनोस्कोपीतच आलं, त्याला एन्टरोस्कोपीचा (लहान आतड्याच्या एंडोस्कोपीचा) कोड नाही. स्टोमामधून (पोटावर केलेल्या आतड्याच्या तोंडातून) कोलन (मोठं आतडं) पाहिलं तर कुटुंबच बदलतं: ४४३८८.

स्प्लेनिक फ्लेक्शर ओलांडला पण सीकम गाठता आलं नाही, हा खरा गोंधळाचा भाग. तपासणी डायग्नोस्टिक किंवा स्क्रीनिंग होती तर डॉक्टरांच्या क्लेमवर ५३ (काम थांबवल्याचा मॉडिफायर). अशा अपूर्ण कोलोनोस्कोपीत पॉलिप काढला किंवा बायोप्सी घेतली असेल तर त्या उपचाराच्या कोडला ५२ (काम कमी झाल्याचा मॉडिफायर). रुग्णालय किंवा सर्जरी सेंटरच्या क्लेमवर ५३ चालत नाही. तिथे भूल देण्याआधी थांबवलं तर ७३ आणि भूल दिल्यानंतर थांबवलं तर ७४. पोट नीट साफ नव्हतं म्हणून थांबवलेल्या मेडिकेअर स्क्रीनिंगला ५३ लावायचा राहिला, तर १२० महिन्यांचं घड्याळ सुरू होतं आणि पुन्हा बोलावलेल्या रुग्णाचा क्लेम नाकारला जातो.

वरच्या बाजूने: अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) पाहिलं तर ईजीडी, मूळ कोड ४३२३५. फक्त अन्ननलिका पाहिली तर लवचीक स्कोपसाठी ४३२००. ड्युओडेनम मुद्दाम सोडलं किंवा जठरात अन्न साचल्यामुळे पाहता आलं नाही, तर कोड ईजीडीचाच. पुन्हा तपासणी ठरलेली नसेल तर ५२, ठरलेली असेल तर ५३. एन्टरोस्कोपी म्हणायला स्कोप पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) पुढे किमान ५० सेंटिमीटर गेलेला हवा, तेव्हाच ४४३६०चं कुटुंब. ‘जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) दिसलं’ एवढंच लिहिलेलं असेल आणि अंतर नसेल तर डॉक्टरांना विचारा.

सावधान: इम्प्रेशनमध्ये ‘सीकमपर्यंत सामान्य’ आणि वर्णनात ‘ट्रान्सव्हर्स कोलनपर्यंत नेला’ असं परस्परविरोधी आलं तर स्वतः निवाडा करू नका.

## पायरी ३: जखमेप्रमाणे तक्ता करा

कोड शोधायला जाण्याआधी कागदावर किंवा स्प्रेडशीटवर तक्ता मांडा. प्रत्येक पॉलिप, व्रण किंवा रक्त येणारी जागा यासाठी एक ओळ. रकाने असे: ठिकाण, आकार, कोणत्या साधनाने काय केलं, त्याच जागी आणखी काय केलं, पॅथॉलॉजीची बाटली कोणती, निदान काय.

वेळ जातो म्हणून ही पायरी सगळे गाळतात. मला मात्र हीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एंडोस्कोपीच्या बंडलिंगमधला (कोणतं काम दुसऱ्या कोडमध्येच धरलं जातं, यातला) जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी ‘जागा तीच की वेगळी?’ इथे येऊन थांबतो. तक्ता असेल तर उत्तर डोळ्यांसमोर असतं.

पॉलिपांची संख्या कोडसाठी फारशी महत्त्वाची नाही. एकाच पद्धतीने एक काढला काय किंवा सात काढले काय, कोड एकदाच लागतो. सात पॉलिपांना सात युनिट टाकलेले क्लेम अजूनही दिसतात.

## पायरी ४: पद्धतीवरून कोड

कोलोनोस्कोपीत रोज लागणारे कोड थोडेच आहेत:

- थंड फोर्सेप्सने बायोप्सी, किंवा लहान पॉलिप फोर्सेप्सनेच पूर्ण काढला: ४५३८०
- स्नेअर, गरम असो वा थंड: ४५३८५
- हॉट बायोप्सी फोर्सेप्स: ४५३८४
- श्लेष्मल आवरणाखाली इंजेक्शन, मग ते पॉलिप उचलण्यासाठी सलाइन असो वा खूण करण्यासाठी शाई: ४५३८१
- रक्तस्राव थांबवणं, पद्धत कोणतीही: ४५३८२
- जखम जाळून नष्ट करणं: ४५३८८
- एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन, म्हणजे ईएमआर: ४५३९०

ईजीडीत याच कामांचे कोड: बायोप्सी ४३२३९, स्नेअर ४३२५१, इंजेक्शन ४३२३६, रक्तस्राव ४३२५५, जाळणं ४३२७०. अन्ननलिका रुंद करताना गाइड वायरवरून डायलेटर घातला तर ४३२४८, स्कोपमधून ३० मिलिमीटरपेक्षा लहान फुगा फुगवला तर ४३२४९, फुगा ३० मिलिमीटर किंवा मोठा असेल तर ४३२३३. नोटमध्ये नुसतं ‘डायलेशन केलं’ असेल तर कोड निघत नाही.

‘कोल्ड’ शब्द दिसला की हात आपोआप ४५३८०कडे जातो, इथे जपा. कोल्ड स्नेअर हा स्नेअरच. तापमान नव्हे, साधन बघा.

आर्गॉन प्लाझ्मा (वायूच्या मदतीने ऊतक जाळणं) किंवा त्याचंच लघुरूप एपीसी दिसलं तर हेतू विचारा. रक्त थांबवायला वापरलं तर ४५३८२, जखम नष्ट करायला वापरलं तर ४५३८८. स्नेअरने काढलेल्या पॉलिपच्या कडा जाळायला वापरलं तर वेगळं काहीच नाही, ते ४५३८५मध्येच आलं.

ईएमआरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसा जास्त आणि ऑडिटही जास्त. ४५३९०साठी तीन गोष्टी नोंदलेल्या हव्यात: आवरणाखाली इंजेक्शन देऊन जखम उचलणं, तिच्या सीमा आखणं, आणि स्नेअर किंवा बँडच्या मदतीने काढणं. डॉक्टरांनी ‘ईएमआर केलं’ लिहिलं पण सीमा आखल्याचा उल्लेख नाही, तर हाती उरतात ४५३८१ आणि ४५३८५. तिन्ही गोष्टी असतील तर त्याच जखमेसाठी ४५३८१ किंवा ४५३८५ पुन्हा लावता येत नाही.

## पायरी ५: काय वेगळं लागतं, काय लागत नाही

उपचाराच्या एंडोस्कोपीत डायग्नोस्टिक एंडोस्कोपी सामावलेलीच असते. त्याच कुटुंबातल्या ४५३८५सोबत ४५३७८ कधीच नाही, कोणताही मॉडिफायर लावून नाही.

एकाच पॉलिपची बायोप्सी घेऊन मग तोच काढला तर फक्त काढण्याचा कोड. स्नेअरने काढताना थोडा भाग राहिला आणि तो फोर्सेप्सने उचलला, तरी ४५३८५ एकटाच. पॉलिप वेगवेगळे असतील, एक स्नेअरने आणि दुसरा फोर्सेप्सने, तर ४५३८५ आणि ४५३८०-५९ (५९ म्हणजे काम वेगळं होतं हे सांगणारा मॉडिफायर). मेडिकेअरला ५९ऐवजी एक्सएसही चालतो. पॉलिप स्नेअरने काढला आणि शिवाय जुलाबाच्या कारणासाठी इतरत्र रँडम बायोप्सी घेतल्या, तिथेही हेच.

डॉक्टरांच्याच कामामुळे रक्त आलं आणि त्यांनी क्लिप लावून थांबवलं तर ४५३८२ नाही. पुढे रक्त येऊ नये म्हणून लावलेल्या क्लिपलाही कोड नाही. रुग्ण आधीच रक्तस्रावाने आला होता आणि ती जागा सापडून बंद केली, तेव्हाच ४५३८२. त्या जागी एपिनेफ्रिन टोचलं असेल तर ४५३८१ जोडू नका.

सावधान: एडिट अडवतोय म्हणून ५९ लावणं ही ऑडिटरला आमंत्रण देणारी सवय आहे. आधी तक्त्यात दोन वेगळ्या ओळी दाखवा, मग ५९ लावा. एडिटचा निर्देशांक ० असेल तर कोणताही मॉडिफायर उपयोगाचा नाही.

क्लेमवर सर्वांत जास्त मूल्याचा कोड आधी. एकाच कुटुंबातल्या दोन कोडांचं पेमेंट मेडिकेअर कसं मोजतं ते कळलं की ‘पैसे कमी आले’ ही तक्रार निम्मी होते. केवळ समजण्यासाठी आकडे घ्या: मूळ ४५३७८चे २००, ४५३८५चे ३०० आणि ४५३८०चे २२० धरले, तर पहिल्याचे पूर्ण ३०० मिळतात आणि दुसऱ्याचे फक्त मूळ कोडपेक्षा जास्त असलेले २०. एकूण ३२०, ५२० नव्हे. हा डिनायल (क्लेम नाकारणं) नाही, त्यावर अपील करत बसू नका. त्याच दिवशी ईजीडीही झाली तर ते वेगळं कुटुंब आहे, त्याचा हिशेब स्वतंत्र सुरू होतो.

## पायरी ६: निदान आणि पॉइंटर (कोणत्या कोडला कोणतं निदान जोडायचं)

स्क्रीनिंग असेल तर झेड१२.११ (स्क्रीनिंगचा निदान कोड) पहिला, काहीही सापडलं तरी. सापडलेलं त्यानंतर. सर्व्हेलन्समध्ये पूर्वेतिहासाचा झेड-कोड जोडावा लागतो. निदान कोडांचा क्रम काही खासगी कंपन्या आपल्या धोरणात वेगळा मागतात, तेव्हा त्या कंपनीचं धोरण उघडून बघा.

अॅडिनोमा ठिकाणावर जातो: सीकम डी१२.०, असेंडिंग डी१२.२, ट्रान्सव्हर्स डी१२.३, डिसेंडिंग डी१२.४, सिग्मॉइड डी१२.५, रेक्टम डी१२.८. हेपॅटिक आणि स्प्लेनिक फ्लेक्शर दोन्ही डी१२.३मध्ये येतात. हायपरप्लास्टिक पॉलिप कोलनमध्ये असेल तर के६३.५, रेक्टममध्ये असेल तर के६२.१. नोटमध्ये ठिकाण दिलेलं असताना डी१२.६ वापरू नका. तो ‘ठिकाण माहीत नाही’साठी आहे.

## एक चार्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा खासगी विम्याचा, लक्षणं नसलेला रुग्ण स्क्रीनिंगला आला. स्कोप सीकमपर्यंत गेला, टर्मिनल इलियम पाहिलं. असेंडिंगमधला ८ मिलिमीटरचा पॉलिप कोल्ड स्नेअरने काढला. ट्रान्सव्हर्समधला ३ मिलिमीटरचा थंड फोर्सेप्सने. सिग्मॉइडमधला २५ मिलिमीटरचा सलाइनने उचलून गरम स्नेअरने काढला, कडांना एपीसी दिलं, तिथून थोडं रक्त आलं म्हणून दोन क्लिप लावल्या आणि शेवटी शेजारी शाईची खूण केली. पॅथॉलॉजी: असेंडिंग ट्यूब्युलर अॅडिनोमा, ट्रान्सव्हर्स हायपरप्लास्टिक, सिग्मॉइड ट्यूब्युलोव्हिलस अॅडिनोमा.

तक्त्यात तीन ओळी झाल्या. पहिली आणि तिसरी दोन्ही स्नेअर, म्हणून ४५३८५ एकदा. दुसरी फोर्सेप्स, वेगळी जागा, म्हणून ४५३८०-५९. तिसऱ्या ओळीत सलाइन आणि शाई दोन्ही इंजेक्शन आहेत, तरी ४५३८१ एकदाच. सीमा आखल्याचा उल्लेख नाही, म्हणून ईएमआर नाही. एपीसी कडांना दिलं, म्हणून ४५३८८ नाही. रक्त प्रोसिजरमुळे आलं, म्हणून ४५३८२ नाही. इलियमसाठी काही नाही. तिन्ही कोडांना ३३ जोडायचा, ४५३८०वर आधी ५९ आणि मग ३३.

पॉइंटर असे: ४५३८५ला झेड१२.११, डी१२.२, डी१२.५. ४५३८०ला झेड१२.११ आणि के६३.५. ४५३८१ला झेड१२.११ आणि डी१२.५. हाच रुग्ण मेडिकेअरचा असता तर ३३च्या जागी पीटी.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचं निदान कोणत्या ना कोणत्या कोडला जोडलेलं आहे का? एखादी ओळ अधांतरी राहिली तर काहीतरी सुटलंय.

## पायरी ७: सिडेशन आणि भेटीचं बिल

एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांनीच मध्यम सिडेशन दिलं असेल तर ते २०१७पासून वेगळं लागतं. मेडिकेअरला पहिल्या १५ मिनिटांसाठी जी०५००, इतरांना पाच वर्षं किंवा त्याहून मोठ्या रुग्णासाठी ९९१५२. किमान १० मिनिटं भरलेली हवीत. पुढच्या १५ मिनिटांचा ९९१५३ एकूण २३ मिनिटांपासून लागतो. वेळ औषध दिल्यापासून मोजायची, रुग्ण खोलीत आल्यापासून नव्हे. प्रोपोफॉल (भुलीचं औषध) भूलतज्ज्ञांनी दिलं असेल तर यातलं काही नाही. त्यांचा क्लेम वेगळा जातो: वरच्या मार्गाला ००७३१, खालच्या मार्गाला ००८११, स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीला ००८१२, दोन्ही एकत्र असतील तर ००८१३.

त्याच दिवसाची तपासणी-भेट साधारणपणे प्रोसिजरमध्येच धरली जाते. प्रोसिजरच्या तयारीपलीकडचं, स्वतंत्र आणि ठळक काम नोंदलेलं असेल तरच भेटीच्या कोडला २५ हा मॉडिफायर.

## पायरी ८: डॉक्टरांना क्वेरी

क्वेरीत, म्हणजे डॉक्टरांना लिहिलेल्या प्रश्नात, उत्तर सुचवायचं नाही. ‘हे ईएमआर होतं ना?’ असा प्रश्न ऑडिटमध्ये तुमच्यावरच उलटतो. लिहायचं असं: ‘सिग्मॉइडमधील २५ मिलिमीटर पॉलिप काढण्याआधी केलेल्या कृतींचं वर्णन नोटमध्ये अपुरं आहे. त्या जागी काय काय केलं, हे कृपया स्पष्ट करावं.’ उत्तर आल्यावर डॉक्टरांनी नोटला सही आणि तारखेसह पुरवणी जोडलेली हवी. चॅटवर आलेला ‘हो’ चालत नाही. पुरवणी येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवा, आणि होल्डचं कारण लिहिताना तक्त्यातली नेमकी ओळ नोंदवा.